पाच चांदण्यांचा गाडा

एका जंगलात एक उतार होता. उताराच्या वरच्या टोकाला मोहाची झाडं होती आणि खालच्या टोकाला नदी. दोन्हींच्या मधल्या रस्त्यावरून एक गाडा धावत असे. वर जाताना त्याला दोन गवे ओढत. खाली येताना कुणी ओढायची गरज नसे. उतारच त्याला पळवी.

मुलांनो, गाडा पळवणं सोपं असतं. अवघड असतं ते थांबवणं. ते काम झिपरूदादा अस्वलाकडे होतं. त्याच्या हाताशी एक लाकडी दांडा होता. दांडा ओढला की ठोकळा चाकाला घासे, थोडा धूर निघे आणि गाडा थांबे. जंगलातले सगळे त्याला ब्रेक म्हणत.

झिपरूदादा कामाला चोख होता. तळ्यात राहणारी मथूआत्या कासवीण दर उन्हाळ्यात रस्ता ओलांडून नदीच्या वाळूत अंडी घालायला जाई. तिचं ओलांडणं न्याहारीच्या वेळेला सुरू होई आणि जेवणाच्या वेळेला संपे. झिपरूदादा गाडा थांबवी, खाली उतरे, तिला दोन्ही हातांनी उचलून पलीकडे ठेवी आणि म्हणे, "आत्या, सावकाश जा." आत्याला दुसरं काही येतच नव्हतं. पण तिला बरं वाटे.

अडचण एकच होती. झिपरूदादाची नजर अधू होती. अस्वलांची असतेच. एका धुक्याच्या सकाळी रस्त्यात उभं असलेलं सांबर त्याला दिसलं नाही. सांबराचा पाय मोडला. झिपरूदादा त्याच्याजवळ बसून रडला.

राजाने हुकूम सोडला की यापुढे गाडा आपोआप थांबला पाहिजे.

हे काम ठोके मिस्त्रीला मिळालं. ठोके मिस्त्री म्हणजे सुतारपक्षी. गाडा त्यानेच बनवला होता. त्याने गाड्याच्या तोंडाशी एक फळी ठोकली आणि फळीवर टिटवीला बसवलं. टिटवीच्या पायाला एक बारीक दोरी बांधली. पुढे कुणी दिसलं की टिटवी ओरडत वर उडणार. दोरीने एक खुंटी निसटणार. खुंटी निसटली की एक जड दगड खाली येऊन ब्रेकचा दांडा ओढणार. झिपरूदादाला आधी ओरडणं ऐकू येईल. त्याने काही केलं नाही, तरी गाडा थांबेलच.

आणि गाडा थांबला. तिसऱ्याच दिवशी, तसल्याच धुक्यात, हरणाचं एक पाडस वाचलं. हे मी मुद्दाम सांगतो. पुढे तुम्ही टिटवीला नावं ठेवाल, म्हणून.

पण टिटवी शेवटी टिटवी होती. पान उडालं, ओरडली. घारीची सावली पडली, ओरडली. डबक्यात ऊन चमकलं, ओरडली. एका खेपेला मोहाच्या झाडापासून नदीपर्यंत गाडा अकरा वेळा थांबला. नीलगाय तरसाच्या अंगावर पडली. वानरीण सगळ्यांच्या अंगावर पडली. प्रवासी म्हणू लागले की यापेक्षा आम्ही पायी बरे.

ठोके मिस्त्रीने विचार केला. टिटवीला शिकवलं पाहिजे. त्यासाठी रस्त्यात कुणीतरी उभं करायला हवं. खरं जनावर कोण उभं राहणार? म्हणून त्याने सुगरण पक्ष्याकडून गवताचा एक ससा विणून घेतला. ससाच का? कारण सुगरणीला घरट्याखेरीज फक्त ससाच विणता येत होता.

दर सोमवारी जांभळीच्या वळणावर गवताचा ससा उभा करत. त्याला बघून टिटवी ओरडली की तिला एक लठ्ठ अळी मिळे. दुसरं काही बघून ओरडली की अळी नाही, वर प्रवाशांची बोलणी. टिटवी हुशार होती. तीन सोमवारांत शिकली.

मग राजाने रानडुक्कर साहेबांना परीक्षक म्हणून पाठवलं. साहेबांनी दहा वेळा ससा उभा केला. दहा वेळा गाडा थांबला, आणि तोही सशापासून बरोबर एक वीत अंतरावर. साहेबांना समाधान वाटलं. त्यांनी पांढऱ्या मातीने गाड्याच्या पाठीवर पाच चांदण्या काढल्या. पाचापेक्षा जास्त चांदण्या द्यायची पद्धतच नव्हती.

झिपरूदादाने त्या चांदण्या बराच वेळ पाहिल्या. आपल्या अधू नजरेलाही त्या दिसतात, याचं त्याला कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तो मोहाच्या फुलांची पुरचुंडी बरोबर आणू लागला. उतार लागला की चार फुलं खायची आणि डोळे मिटायचे. त्याला दोष देऊ नका. ज्याच्या पाठीशी पाच चांदण्या आहेत, त्याने पुढे कशाला बघायचं?

उन्हाळा आला. मथूआत्या रस्त्याच्या मधोमध पोचली. वरून गाडा आला. आत्या नेहमीसारखी थांबली आणि तिने मान वर केली, म्हणजे झिपरूला उचलायला सोपं जाईल.

टिटवीने तिला पाहिलं. नीट पाहिलं. आणि गप्प बसली.

चाक आत्याच्या पाठीच्या कडेवरून गेलं. झाकण भिरकावावं तशी ती गरगरत गवतात जाऊन पडली. पाठीचा एक तुकडा उडाला. पोटातली अंडी मात्र वाचली.

कासवाला राग यायला एक दिवस लागतो. तो दुसऱ्या दिवशी आला. आत्या गाडा उभा राहतो तिथे गेली.

"टिटवे, काल मी तुला दिसले नाही का गं?"

"दिसलीस की आत्या. तुझ्या पायाला चिखल लागला होता, तोसुद्धा दिसला."

"मग?"

"तू ससा नाहीस."

टिटवी हे तिरकस बोलली नव्हती. तिने सगळं समजावून सांगितलं. मागच्या आठवड्यात घोरपड आडवी आली होती. तिच्यासाठी टिटवी ओरडली, तर प्रवाशांनी फळीपाशी येऊन तिला फैलावर घेतलं, आणि अळीही गेली. आत्या मग रानडुक्कर साहेबांकडे गेली. साहेब प्रेमाने बोलले. गाडा दहापैकी दहा वेळा थांबतो, असं त्यांनी सांगितलं. कासव परीक्षेत नव्हतं, तेव्हा ते दहात धरता येत नाही.

पण अंडी काही परीक्षेची वाट बघणार नव्हती. आत्याने पाठीवर गवत चिकटवलं आणि बांबूच्या दोन पानांचे उभे कान डोक्याला बांधले. तशी ती रस्त्यात जाऊन उभी राहिली. टिटवी क्षणभर घुटमळली. मग ओरडून उडाली. खुंटी निसटली. गाडा आत्यापासून बरोबर एक वीत अंतरावर थांबला.

आत्याने वाळूत एकतीस अंडी घातली.

आठवडाभरात सगळ्या जंगलाने कान लावले. घोरपडीने लावले. मुंगसाने लावले. साळूला बांधायला कुणी धजेना, म्हणून तिने काट्यांतच खोचून घेतले. हत्तीने आपल्याला आधीपासूनच कान आहेत असं सांगून पाहिलं. ते उभे नसल्यामुळे चालले नाहीत.

निश्चिंत होता तो फक्त खरा ससा. गाडा आपल्यासाठीच थांबतो, हे त्याने घरी सगळ्यांना सांगितलं होतं. एके दुपारी तो ऐटीत रस्त्यावर आला, गाडा बघून जरा बिचकला, कान मागे पाडून धावला, आणि त्याची शेपटी चाकाखाली गेली. साहेबांनी चौकशी केली. गवताचा ससा हलत नाही, हा हलत होता. गवताच्या सशाचे कान उभे असतात, याचे आडवे होते. साहेबांनी नोंद केली की हा ससा नमुन्याप्रमाणे नाही.

त्याच दिवशी नियम झाला. रस्त्यावर येताना प्रत्येकाने कान लावावेत. जो लावणार नाही, त्याची जबाबदारी त्याच्यावर.

नियम ऐकून आत्याला अन्न गोड लागेना. वाळूतली तिची पोरं थोड्याच दिवसांत बाहेर येणार होती. तळं गाठायला त्यांना हाच रस्ता ओलांडायचा होता. शेंगदाण्याएवढ्या डोक्यावर कान बसवायचा कसा? तिने गवताची एक काडी एका खड्याला बांधून पाहिली. खडा कलंडला.

ती झिपरूदादाकडे गेली. गाडा उभा होता, म्हणून तो जागा होता.

"झिपरू, जरा तू बघत जा ना रे बाबा."

झिपरूदादा ओशाळला. "आत्या, माझी नजर तुला ठाऊक आहे. टिटवीला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं."

"तिला दिसतं रे. पण दिसून काय करायचं, हे तिला सोमवारी शिकवलेलं आहे."

झिपरूदादाने पुरचुंडीची गाठ घट्ट केली.

पोरं निघाली ती एका सकाळी. त्याच सकाळी गाड्याची फळी रिकामी होती. टिटवीने माळावरच्या खड्यांत स्वतःची चार अंडी घातली होती आणि ती त्यांच्यावर बसली होती. अंडी फुटेपर्यंत येणार नाही, असा तिने निरोप पाठवला होता. ठोके मिस्त्री म्हणाला की प्रवासी खोळंबलेत, गाडा सोडा, चांदण्या तर आहेतच.

झिपरूदादा चढला. त्याने रिकामी फळी पाहिली. त्याने पुरचुंडी झुडपात टाकून दिली. पुढे सरकून बसला. डोळे बारीक केले. दांडा अर्धा ओढूनच ठेवला. चाकातून सारखा धूर निघत होता आणि गाडा पायी चालल्यासारखा उतरत होता.

जांभळीच्या वळणावर त्याला रस्त्यात काहीतरी दिसलं. खडे असावेत. पण खडे हलल्यासारखे वाटले. काय आहे ते त्याला कळलं नाही.

कळलं नाही म्हणूनच त्याने दांडा पूर्ण ओढला.

मग तो खाली उतरला, रस्त्यावर पालथा पडला आणि नाक जवळ नेऊन बघितलं. त्याने एकेकाला उचलून पंजावर घेतलं. तीन खेपा झाल्या. पलीकडे आत्या मोजत होती. एकतीस भरली तेव्हा तिने मान आत ओढून घेतली आणि बराच वेळ बाहेर काढली नाही.

"सावकाश जा रे," झिपरूदादा पोरांना म्हणाला.

फळी अठ्ठावीस दिवस रिकामी राहिली. त्या अठ्ठावीस दिवसांत उतारावर कुणाचं नखही दुखावलं नाही. रानडुक्कर साहेबांनी सभा घेतली. आपोआप थांबण्याच्या यंत्रणेचा हा आजवरचा सर्वांत उत्तम महिना आहे, असं त्यांनी जाहीर केलं. झिपरूदादाला सभेत बोलायची सवय नव्हती. त्याने पंजा वर केला आणि सांगितलं की साहेब, महिनाभर फळीवर कुणी नव्हतंच.

साहेबांनी विचार केला. "म्हणजे एकही चुकीचा इशारा गेला नाही," ते म्हणाले. सभेने टाळ्या वाजवल्या. सहावी चांदणी देता येत नव्हती, म्हणून आहेत त्याच पाच मोठ्या करून काढल्या.

दुसऱ्या दिवशी टिटवी कामावर आली. झिपरूदादाला हायसं वाटलं. त्याने झुडपात हात घालून पुरचुंडी शोधली.

फळीवरून टिटवी हळूच म्हणाली, "झिपरूदादा, माझी चार पिल्लं कालपासून खाली रस्त्यावर चालायला लागलीत. तू झोपू नकोस."

"अगं, पण तू आहेस ना?"

"मी आहे म्हणूनच सांगते."

झिपरूदादाने पुरचुंडी जिथे होती तिथेच ठेवली. त्या दिवसापासून टिटवी दूरचं बघते आणि तो जवळचं बघतो. तिला कळतं ते ती सांगते. त्याला कळत नाही, तिथे तो थांबतो. गाडा जरा उशिरा पोचतो.

पुढच्या सोमवारी साहेब आले. ससा उभा नसताना टिटवी झिपरूदादाशी बोलते, हे त्यांच्या लक्षात आलं. असलं बोलणं नमुन्यात बसत नव्हतं. त्यांनी जाताना शेपटीने एक चांदणी पुसून टाकली.

तात्पर्य: मुलांनो, रस्ता ओलांडताना आपण कोण आहोत ते विसरा, आणि परीक्षेला कोण उभं होतं ते लक्षात ठेवा. कान मिळाले नाहीत तर घरीच बसा. आणि गाड्यात बसाल तेव्हा मागच्या चांदण्या नीट मोजून घ्या. पुढे बसलेल्याचे डोळे उघडे आहेत का, हे बघायची पद्धत नाही.