रिटेक न्हाय

ढोकीत मन्मथअप्पांच्या किराणा दुकानात गुळाचा भाव दोनदा विचारायचा नसतो. पहिल्यांदा ऐकू आला तर ठीक. "काय म्हणालात?" असं विचारलं की अप्पा वजनकाटा पुसायला घेतात आणि म्हणतात, "रिटेक न्हाय." मग गिऱ्हाइकानं शेजारच्याला विचारावं, नाहीतर समोरच्या दुकानात जावं. बरेचजण समोरच्या दुकानात जातात.

ही खोड कोल्हापूरची. तरुणपणी अप्पा तिथल्या एका स्टुडिओत कॅमेऱ्यात रीळ भरायला होते. काळ्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालायचे आणि न बघता रीळ भरायचं, हे काम. रीळ महाग, फूटन् फूट जपायचं. नट चुकला की निर्माता कपाळाला हात लावायचा. पाच वर्षांत अप्पा एवढंच शिकले, की चुकलं तरी पुढं जायचं. मग वडील गेले, अप्पांनी गावी येऊन दुकान धरलं. पुढं सिनेमावाले रीळ सोडून मेमरी कार्डावर आले, पण अप्पांच्या डोक्यातलं रीळ काही निघालं नाही. पोरं "रील टाकलं" म्हणाली की यांचा तिळपापड होतो. "रीळ म्हंजी चारशे फूट! ह्ये काय, शिंकल्यावानी!"

गल्ल्यामागं त्यांच्या बायकोचा, महानंदाकाकूंचा, हार घातलेला फोटो आहे. त्यात काकूंचे डोळे मिटलेले. नवखं गिऱ्हाईक समजतं, काकू ध्यानाला बसल्यात. माझं मत वेगळं. या माणसाबरोबर संसार केल्यावर बाईनं डोळे मिटून घेतले तर नवल काय! हे मी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. लई हसले होते लोक.

गेल्या वर्षी अप्पांनी स्वतःच सिनेमा काढायचं मनावर घेतलं. कॅमेरा म्हणजे मोबाइल. तो धरणार मोबाइल दुरुस्तीवाला सलीम. नायक मी, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला टाइमकीपर. नायिका माझी बायको सुरेखा, कारण दुसऱ्या कुणाच्या घरून परवानगी मिळेना. तालीम वीस-वीस वेळा, शूटिंग एकदाच. सलीम परोपरीनं सांगायचा, "अप्पा, इसमें रीळ नै रहता. कित्ते बार भी निकालो." अप्पा ऐकून घ्यायचे आणि शूटिंग संपलं की मोबाइल काळ्या पिशवीत घालायचे. उजेड लागू नये म्हणून! पिशवीत तो वाजत राहायचा. सलीमच्या बायकोचा फोन असायचा.

एका प्रसंगात वडील गेल्याचं कळून मी रडतोय, तेवढ्यात शेजाऱ्याची म्हैस मधे येऊन उभी राहिली आणि माझी टोपी चघळायला लागली. मी म्हणालो, "अप्पा, पुन्हा घेऊ."

"रिटेक न्हाय. म्हशीनं चांगलं केलंय. तुमीच कमी पडलाव."

शेवटचा प्रसंग दुकानातच होता. मी कामाला निघतो, सुरेखा डबा देते, वर बघते आणि म्हणते, "लवकर या." बस्स. तिनं वर बघितलं आणि नेमके डोळे मिटले. झालं, आता गुंडाळायचं, म्हणून मी डबा खाली ठेवला.

"पुन्हा घ्या," अप्पा म्हणाले.

सलीमच्या हातून मोबाइल निसटता निसटता राहिला. मी विचारलं, "काय म्हणालात?"

"पुन्हा घ्या म्हनलं."

दोनदा बोलला की हो हा माणूस! पण आता सुरेखा बावरली. दुसऱ्यांदा डोळे मिटले, तिसऱ्यांदाही. सहाव्यांदा मिटले तेव्हा मी संधी सोडली नाही. "अप्पा, रीळ वाया चाललं की!"

अप्पांनी गल्ल्यामागं बघितलं. "दुकानाची नवी पाटी लावली, त्या दिशी काढलेला ह्यो फोटू. ती म्हनली, माजं डोळं मिटलं वाटतं, आनखी एकदा काढा. म्या म्हनलं, रिटेक न्हाय. रोलात चार फोटू शिल्लक व्हते."

"फिर? उनका क्या किया?" सलीमनं विचारलं.

"पाटीचं काढलं. चारीच्या चारी." अप्पांनी वजनकाटा पुसायला घेतला. "तिचा दुसरा फोटू न्हाय माज्यापाशी. डोळं कसं व्हतं, ते आता ध्यानात बी येत न्हाय."

मला माझ्या त्या जुन्या विनोदाची लाज वाटली. फार वाटली.

सातव्यांदा सुरेखानं वर बघितलं, डोळे टक्क उघडे ठेवले आणि म्हणाली, "लवकर या." अगदी मनासारखं झालं. सलीमनं अंगठा वर केला. मी डबा खाली ठेवायला वाकलो, पण सुरेखा जागची हलली नाही. पदर सारखा करत म्हणाली, "अप्पा, माजं डोळं मिटलं वाटतं. आनखी एकदा काढा."

अप्पा तिच्याकडं बघत राहिले.

"काढू की माय," ते म्हणाले. "पायजे तितक्यांदा काढू."