वड्यांच्या दंडाची आणि उघड्या पडद्याची हकिकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, आणि ज्याचे गुपित त्याच्यापाशीच राहो ऐसे मागून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान घडले, ते झाकपाक न करिता लिहिले असे. रयतेचे रक्त तपासून निवाडा कागदी लिहून द्यावा, ऐसा उद्योग करणारी एक दौलत होती. तिच्या दफ्तराचा कारभार विसाजीपंत चिखलीकर पाहत. कोणास काय आजार, कोणाचे घर कोठे, हे सारे पंतांच्या संगणकात, आणि पंत शिस्तीस बहुत करडे. परवलीचा शब्द सख्ख्या भावासही सांगू नये, अनोळखी खलिता उघडू नये, आणि जागेवरून उठणे तो संगणकाचा पडदा कुलूपबंद करूनच उठावे, ऐसे कायदे त्यांनीच घातले. आणि जो पडदा उघडा टाकून उठेल, त्याच्या जागी कोणीही बसावे, त्याच्याच नावे "उद्या सर्वांस माझ्याकडून वडे" ऐसे पत्र साऱ्या कचेरीस धाडावे, आणि त्याने मुकाट वडे आणावे, हा दंडही पंतांचाच. सहा वर्षांत साऱ्यांनी वडे आणिले, खुद्द धनीण डॉक्टर बाईसाहेबांनीही एक वेळ आणिले, एक पंतांनी मात्र कधी नाही, आणि त्याचा त्यांस मोठा तोरा.

मग एके दिवशी दोन प्रहरी मंडळी जेवणास गेली असता पंतांस कन्येचा फोन आला, आणि पंत बोलत बोलत सज्जात गेले, पडदा तैसाच उघडा. परत येऊन पाहतात, तो जागी एक अनोळखी इसम, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, बोटे भराभर चालताहेत. पंतांच्या मनी आले, प्रयोगशाळेकडील कोणी नवा असेल आणि वड्यांचे पत्र लिहीत असेल. कानाच्या पाळ्या तापल्या. "कोण आपण?" एवढेच पुसावयाचे, ते पुसिले नाही. पुसिले तर चार जण गोळा होतील आणि आपले हसे होईल, या भयाने पंत मागल्या पायी फिरले, आणि तो इसम जाईतो पाण्याच्या यंत्राआड उभे राहिले. मग जागी येऊन टपाल पाहिले, तो वड्यांचे पत्र नाही, आणि पंतांस संतोष जाहला! हे लिहिताना लेखणीस लाज वाटते.

आठ दिवसांत रयतेच्या घरी आजाराचे नाव घेऊन परके फोन येऊ लागले, आणि एका मुलीचा आजार व्याह्यांस कळून ठरलेली सोयरीक मोडली. तिचा बाप कचेरीत येऊन म्हणाला, "तुमच्यावाचून कोणाला ठाऊक नव्हतं हो," आणि तैसाच निघून गेला. मग बाईसाहेबांनी दरबार भरविला. यंत्रांच्या जाणत्यांनी सांगितले, रयतेच्या आजारांच्या याद्या पंतांच्याच नावे, अमुक दिवशी दोन प्रहरी बाहेर गेल्या. बाईसाहेबांनी पुसिले, "पंत, पडदा उघडा होता?" पंत म्हणाले, "नाही." "मग परवली आणखी कोणास ठाऊक?" आता गेल्या वैशाखात कन्येच्या लग्नास रजेवर जाताना पंतांनी आपलाच कायदा मोडून परवली चिठ्ठीवर लिहून कारकून वेणूबाई आसगावकर यांस दिली होती. पंत म्हणाले, "वेणूबाईंस." शब्द खरा आणि बोलणे खोटे. वेणूबाई त्या दोन प्रहरी खाली रक्ताच्या नळ्यांच्या कोठीत एकट्या होत्या, साक्ष कोणी नव्हती, सबब बाईसाहेबांनी फर्माविले की तीन दिवसांत खुलासा द्यावा, न दिल्यास चाकरी गेली. वेणूबाई डबा पिशवीत घालून निघाल्या, आणि जाता जाता पंतांपाशी थांबून म्हणाल्या, "पंत, मला घोर नाही. मी सगळ्यांना सांगितलंय, पंत पडदा लावल्याशिवाय पाण्यालासुद्धा उठत नाहीत. तुम्ही शोधून काढालच." पंतांच्याने मान वर करवली नाही.

दोन दिवस अन्न गोड लागले नाही, आणि तिसऱ्या दिवशी भर दरबारी पंत उभे राहिले. "बाईसाहेब, पडदा उघडा होता. वेणूबाईंकडे दोष नाही. तो माणूस मी डोळ्यांनी पाहिला, आणि हटकला नाही. वड्यांना भ्यालो." बाईसाहेब म्हणाल्या, "वड्यांना?" आणि कोणी हसले नाही. हसते तर बरे होते, ऐसे पंतांस वाटले. मग दफ्तर पंतांकडून काढून वेणूबाईंस दिले, आणि पंत कोपऱ्यात साध्या कारकुनीस बसले. दुसरे दिवशी पंतांनी वडे आणिले. संध्याकाळपर्यंत टोपली तैशीच राहिली, आणि पंतांनी ती उचलून घरी नेली.

एकंदर वर्तमान ऐसे की चोर सापडला नाही, मोडली सोयरीक जुळली नाही, आणि वड्यांचा दंड आपोआप बंद जाहला. वेणूबाई पंतांशी सभ्यपणे बोलतात. फक्त पंत पाणी प्यावयास त्यांच्या जागेवरून जाऊ लागले की त्या मान वर न करिता आपला पडदा कुलूपबंद करितात, आणि पंत पुढे गेले की उघडतात. कायदा पंतांचाच, सबब बोलता येत नाही.