वामनकाकांचा चहावाला क्लच

आमच्या जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यातले वामनकाका रेसच्या गाडीचा क्लच चहाने तपासतात. काठोकाठ भरलेला ग्लास डावीकडच्या सीटवर बसलेल्याच्या हातात द्यायचा आणि उभी गाडी एकदम सोडायची. चहा सांडला तर क्लच नापास. डावीकडे बसतो मी. नापास व्हायचा मला शाळेपासूनचा अनुभव, भाजायचा मात्र नवीन.

काका फॅक्टरीतून रिटायर झालेले फिटर. एका जुन्या पांढऱ्या कारमध्ये त्यांनी दणकट इंजिन बसवलं. रविवारी बरगीकडच्या जुन्या हवाईपट्टीवर हाताने गिअर टाकायच्या गाड्यांची शर्यत होती, चालवणार मी. सरळ पट्टी, जो झपकन सुटला तो जिंकला. आणि सुटणं सगळं क्लचच्या हातात.

काकांजवळ क्लचच्या प्लेटा दोन. बटणवाली कचकन धरते, गाडी बेडकासारखी उडते. नरमवाली आधी थोडी घसरते, मग हळूच धरते.

"काका, बटणवाली लावा ना. जिंकू."

"जिंकून काय करशील बे?"

"फोटो काढीन."

काका ओट्यावर प्लेट छातीशी धरून डोळे मिटतात. "बाळ्या, क्लच झोपेसारखा लागला पाहिजे. माणूस झोपते, तर कधी झोपला हे त्याले समजते का?"

मला नाही समजत. मी तेवढ्यात झोपलेला असतो.

खिडकीतून काकू ओरडतात, "अहो, काहून भाजून राहिले त्या पोराला?" काकू मागच्या वर्षी पडल्या. कमरेला पट्टा, डॉक्टर म्हणाले झटका बिलकुल नको. तेव्हापासून रिक्षातसुद्धा बसल्या नाहीत. खिडकी हेच त्यांचं जबलपूर.

शनिवारी काकांनी गुपचूप नरमवाली लावली.

रविवारी बाजूची गाडी गोळीसारखी सुटली. मी सुटलो नर्मदेतल्या नावेसारखा. इतक्या आरामात की मला आजूबाजूचे पळस दिसले, एक बगळा दिसला. कोणीतरी ओरडलं, "भैया, बारात में जा रहे हो क्या?" मी आतून हात जोडले. नवरदेव दिसायची तेवढीच संधी.

हरून आलो तर काका खुशीत. "झटका लागला?"

"नाही."

"बस. चलो घरी."

दारात गाडी लावून काका आत गेले आणि काकूंना धरून घेऊन आले. डावीकडे उशी ठेवली, त्यांना बसवलं, हातात काठोकाठ चहा दिला. मागची सीट काढलेली, म्हणून मी पत्र्यावर मांडी घालून बसलो.

"कुठं नेऊन राहिले?"

"भेडाघाटला. तू कधीची म्हणून राहिली होती ना."

काकूंनी भीतीने डोळे गच्च मिटले. संध्याकाळ झालेली, दिवे एकेक लागून राहिले होते. काकांनी इंजिन सुरू केलं. मी काकूंच्या ग्लासावर नजर ठेवून होतो.

थोड्या वेळाने काकू तशाच डोळे मिटून म्हणाल्या, "अहो, सोडा ना आता गाडी. किती वेळ बसवून ठेवता?"

आमची गल्ली केव्हाच मागे गेली होती.