फोटो कोण काढतंय?

लग्नाची पत्रिका हातात पडली की माणसं विचारतात, मुलगी कुठली, मुलगा काय करतो. आमच्या शांती नगरातले रेगेकाका एकच विचारायचे, "फोटो कोण काढतंय?" उत्तरात मामेभाऊ किंवा नवऱ्याचा मित्र आला, की पत्रिका जागच्या जागी परत! "मी आलो काय, न आलो काय. लग्न झाल्याचा पुरावा तसाही राहणार नाही."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मीरा रोडला निम्मे लोक गिरगाव-परळ सोडून नुकते आलेले, आणि प्रत्येकाचा कुणी ना कुणी दुबईत. त्यानं आणलेला कॅमेरा घरात असला, की फोटोग्राफर कशाला हवा? हे ऐकलं की काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"बी विंगमधलं लग्न आठवतंय ना?" जिन्यात कुणालाही अडवून ते सुरू करत. "गुरुजी सावधान म्हणाले, अंतरपाट दूर झाला, आणि त्या शहाण्यानं काय केलं? कॅमेरा काखेत मारला आणि अक्षता टाकल्या! वर टाळ्या वाजवल्या! अरे, तू मामा आहेस की फोटोग्राफर? अल्बम बघा. एका फोटोत अंतरपाट, पुढच्या फोटोत जिलबी. मधलं लग्न गेलं कुठं?"

लग्नात ज्याचं कुणी लागत नाही, त्यानंच फोटो काढावेत, हा त्यांचा कायदा.

माझ्या ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी बावळटासारखं सांगून बसलो, "आमचा सुनील काढतोय. मामेभाऊ."

"पाठवणीला सुनील रडेल?"

"रडेलच ना, काका."

"मग फोटो काय त्याचे अश्रू काढणार?"

दुसऱ्या दिवशी ते केबिन रोडवरच्या स्टुडिओतून डॉमनिकला घेऊनच आले. हा जवळच्याच उत्तन गावचा. आईला म्हणाला, "मावशी, मी हाय. टेन्शन घ्यायचा न्हाय." आई खूश, सुनील रुसला, आणि माझं डोकं फिरलं. लग्न आमच्या घरचं आणि हुकूम या रेग्यांचे!

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली. मी बघतो तर डॉमनिक गायब! काकाही गायब! ज्या क्षणासाठी या माणसानं आमच्या घरात भांडण लावलं, त्याच क्षणी फोटोग्राफर नाही! मी दात-ओठ खात हॉलच्या मागं धावलो.

आमच्याकडे लग्न लागताना मुलीची आई समोर थांबत नाही, मागं तुळशीला पाणी घालते. स्वयंपाकघराच्या दाराशी कुंडी होती. आई तांब्यानं हळूहळू पाणी घालत होती, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. डॉमनिक गुडघ्यावर बसला होता आणि काका फ्लॅश उंच धरून चवड्यांवर उभे.

"काका, तिकडे लग्न लागतंय!"

"लागू दे! गुरुजींना सांगून आलोय, मी दिसल्याशिवाय शेवटचं सावधान म्हणायचं नाही," ते माझ्यावरच खेकसले. "आणि ही लग्नात नाही का? हिचा फोटो कोण काढणार? तुझा सुनील?"

फोटो झाला आणि दोघं धावत सुटले. अंतरपाट दूर झाला तेव्हा डॉमनिक बरोबर समोर होता. सुनीलनं दोन्ही हातांनी अक्षता टाकल्या.

अल्बम आला तसे काकाही आले. स्टेजवरचे फोटो त्यांनी भराभर उलटले. तुळशीपाशी थांबले.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही त्यांना पाहिलं ते भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत. बँकेच्या पासबुकावरचा एवढासा फोटो मोठा केलेला, त्यात त्या कुणावर तरी चिडल्यासारख्या दिसायच्या.

"वहिनी," काका आईला म्हणाले, "आमच्या मुलीच्या लग्नात ही अशीच मागं होती. पुतण्यानं स्टेजवरचे सगळे काढले. मागं कुणी गेलंच नाही. मग वर्षाच्या आत ती गेली. मुलगी अजून अल्बम काढते आणि म्हणते, बाबा, माझ्या लग्नात आई दिसतच नाही." त्यांनी चष्मा काढला. "हा दोन दिवस नेऊ? तिला दाखवतो. म्हणतो, तुझी आईही मागं अशीच होती बघ."

आईनं फोटोचे चारही कोपरे सोडवले, पदरानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"भावजी, परत आणू नका," ती म्हणाली. "तिलाच द्या."