तापलं की उतरतं

मखमलाबादच्या भारत तिडकेनं इगतपुरीच्या एका डॉक्टरीणबाईंकडून जुनी व्हॅन घेतली, तेव्हा बाईंनी एकच सल्ला दिला होता, "ऑइल बघत जा." कधी बघायचं ते बाईंनी सांगितलं नाही आणि भारतनं विचारलं नाही. (विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. गुलाबाचा मळा पिकवणाऱ्या माणसाला व्हॅन ती काय!)

त्यामुळे मेव्हणा संतोषसाठी मुलगी बघायला निफाडकडे निघायच्या दिवशी, ९९ सालच्या मार्गशीर्षात, भारतनं सकाळी उठून आधी ऑइल बघितलं. काळंभोर, काकवीसारखं दाट, इंजिनातल्या मापाच्या पट्टीच्या वरच्या खुणेला अगदी टेकलेलं. भारत खूश झाला आणि सगळ्यांना घेऊन निघाला.

ओझरला पंपावर गाडी थांबली तशी त्याला पुन्हा हुक्की आली. आता या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, आणि पुढच्या सीटवर सासूबाई, कुसाबाई. मागे बसलं की त्यांना मळमळायचं.

"आत्या, जरा उतरता का?"

कुसाबाई ओटीच्या सामानाची पिशवी सांभाळत उतरल्या. भारतनं गरम इंजिनातून पट्टी ओढली आणि त्याचा चेहरा पडला. ऑइल पाण्यासारखं पातळ, आणि खालच्या खुणेच्याही खाली!

"सकाळी तर भरलेलं होतं!" त्यानं गाडीखाली वाकून बघितलं. थेंबसुद्धा नाही. म्हणजे इंजिन तेल पीत होतं. त्यानं पंपावरून लिटरचा डबा घेतला आणि अख्खा ओतला.

पुढे गाडीनं असा निळा धूर काढला की मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं शिव्या घालत ओव्हरटेक केलं. मुलीच्या दारात व्हॅन पोचली तीसुद्धा ढगातूनच.

मंडळी आत पोह्यांना बसली, पण भारतचं सगळं लक्ष अंगणातल्या व्हॅनकडे. अर्ध्या तासानं तो अंगणात येऊन पट्टी बघतो तर ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर! त्यानं पट्टी पुसून पुन्हा बुडवली, तरी तेच. ऑइल आपोआप वाढतं? नक्कीच पाणी शिरलं.

तेवढ्यात मुलीचे मामा, वाल्मीकमामा, पान चघळत जवळ आले.

"पाव्हणं, आत समद्यांसमोर इचारता येईना," ते हळूच म्हणाले. त्यांच्या डोक्यात नवरा मुलगा होता. "वरून तर झकास दिसतंय. आतून कसं हाय?"

भारतच्या डोक्यात व्हॅन होती. "मामा, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पितंय."

मामांचं पान गालातच राहिलं. "पितंय?"

"ओझरपर्यंत लिटरभर रिचवलं."

"आज? हिकडं येताना?"

"वर धूर काढतंय तो वेगळाच. थंड असताना बघाल तर अगदी जिथल्या तिथं. तापलं की सगळं उतरतं."

"तापट बी हाय व्हय?"

"लगेच तापतं. आणि आता तर पाणीसुद्धा मिसळतंय असं वाटतं."

"ते समदेच मिसळत्यात," मामा खिन्नपणे म्हणाले. "पण ही खोड लागली कशी?"

"आधीपासूनच असणार. सेकंडहँड आहे ना. इगतपुरीच्या एका डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षं सांभाळलं, मग कंटाळून काढून टाकलं."

मामा पान न थुंकताच आत गेले.

दोनच मिनिटांत घरातून आवाज वाढले. चहाचा ट्रे घेऊन बाहेर येणारी नवरी मुलगी पूजा ट्रेसकट माघारी फिरली. तिचे वडील गेणूभाऊ उठून उभे राहिले. "आमची पोरगी आम्हाला जड झाली नाय, सावळीरामभाऊ. पोरगं पितं, ओढतं, पयलं लगीन मोडलेलं, आन तुम्ही सांगत बी नाय?"

"कोण म्हणतं?" सासरे सावळीराम ओरडले.

"तुमचा जावईच म्हनतो!"

उभ्या जन्मात सुपारीसुद्धा न खाल्लेल्या संतोषला पोह्यांतली मिरची लागली. तो खोकून खोकून लाल झाला.

"बघा, डोळं बघा!" मामा म्हणाले.

भारतची बायको सुवर्णा तरातरा अंगणात आली. "अहो, संतोषबद्दल काय बरळलात मामांजवळ?"

"संतोषबद्दल? मी गाडीबद्दल बोलत होतो!" भारत पट्टी हातात धरून तसाच दारात जाऊन उभा राहिला. पांढऱ्या सदऱ्यावर काळे ओघळ. "हे पितंय! हे तापतंय!"

सगळे त्या पट्टीकडे बघू लागले. मग पडद्याआडून पूजा खुदकन हसली आणि तिच्यामागून सगळं घर.

गेणूभाऊंच्या दारात ट्रॅक्टर होता, त्यामुळे पुढचं त्यांनी सांगितलं. गाडी बंद केल्या केल्या ऑइल अजून वरच इंजिनात असतं. सपाट जागेवर उभी करून दहा मिनिटं थांबावं, मगच पट्टी बघावी. गरम असताना ते पातळ दिसणारच. भारतचा जास्तीचा लिटर त्यांनी खालचा नट सैल करून काढून दिला.

"कढईतलं तेल तापलं की पातळ होतं, हे आमच्या घरात शेंबड्या पोराला कळतं," कुसाबाई म्हणाल्या. "आन मला मेलीला उतरवलं!"

भारत दिवसभर मान खाली घालून होता. पण संतोष-पूजाचं जमलं, आणि महिन्याभरात साखरपुडाही ठरला, तेव्हा त्याला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

साखरपुड्याला पूजाच्या आजीनं, नवसाबाईनं, सुवर्णाचा हात धरला. आजीला ऐकू जरा कमीच यायचं.

"तुझा भाऊ लय गुणाचा निघाला, माय. पिणारा दुसराच व्हता म्हनं, त्यो गाडी चालवणारा. तुझा कोण लागतो त्यो?"

भारत शेजारीच उभा होता. सुवर्णानं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि आजीच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "ड्रायव्हर आहे, आजी!"

"मंग बदलून टाक की."

"बघते," सुवर्णा म्हणाली.