हात जोडलेली वेबसाइट

"वेबसाइट कुणाकडून करून घ्यायची, ते मी ठरवणार!" सुलेखानं जेवता जेवता जाहीर केलं आणि बद्रीनाथनं लगेच मान हलवली. नवरा एवढ्या लवकर मान हलवतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष भाजीत असतं, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला कळायला हवं होतं.

सुलेखाचा काळा मसाला गारखेड्यात घरोघरी जायचा, पण 'बद्रीनाथच्या बायकोचा मसाला' म्हणून. आता बिडकीनच्या एका कंपनीच्या कँटीनमधून विशाखा मॅडमचा फोन आला होता. "सुलेखाताई ना? तुमची साइट पाठवा, बघून ऑर्डरचं ठरवते." तिचं नाव घेऊन धंद्याचा फोन पहिल्यांदाच आला होता! तिनं प्रेरणा नावाची मुलगी साइटच्या कामासाठी हेरूनही ठेवली. त्या पोरीनं आल्याबरोबर मसाला तळहातावर घेऊन हुंगला आणि सटासट शिंकली. सुलेखाला ती तिथंच पसंत पडली.

मग सुलेखा भाचीच्या लग्नाला सिल्लोडला गेली, आणि मागं बद्रीनाथनं काम गोकुळला देऊन टाकलं!

गोकुळ म्हणजे फ्लेक्सवाला. वाढदिवस असो, बारसं असो, चौकातला प्रत्येक फ्लेक्स त्याचा.

"पोरीटोरींना काय कळतंय? वेबसाइट म्हणजे मोबाइलात उभा केलेला फ्लेक्सच की!" ती परत येताच बद्रीनाथ छाती काढून म्हणाला आणि त्यानं मोबाइल पुढं केला. "विशाखा मॅडमला पाठवली बी!"

सुलेखानं पाहिलं. निळं आभाळ, त्यात डरकाळी फोडणारा वाघ, आणि वाघापुढं पांढऱ्या शर्टात, काळा गॉगल लावून, हात जोडून उभा बद्रीनाथ! वर लिहिलेलं, 'सुखदुःखात धावून येणारे, बद्रीनाथभाऊ'. खाली शुभेच्छुकांची रांग. त्यात मेव्हणे, साडू, आणि कानाला फोन लावलेला खुद्द गोकुळ.

"मसाला कुठाय?"

"हा काय, साडूच्या कोपराखाली."

पुडी मोहरीएवढी. नंबर मात्र सुलेखाचा, लालभडक आणि वाघाएवढा!

तेवढ्यात फोन वाजला. पहिली ऑर्डर!

"भाऊ हायेत का? आमच्या गल्लीत आठवडा झाला, पाणी नाय."

"इथं मसाला मिळतो."

"मसाला मागून घेऊ, आधी पाण्याचं बोला."

वॉर्डाच्या निवडणुकीचे दिवस. त्यात शुभेच्छुकांनी आपापले चेहरे मिरवायला ती साइट गावभर वाटलेली. दुपारपर्यंत कुणाची गटार तुंबली, कुणाच्या दारातला दिवा गेला, सगळं सुलेखाच्या कानात ओतलं गेलं. मसाल्याचं नाव कुणी काढीना! ती तव्यावरच्या मिरचीसारखी तडतडत होती, आणि नवरा? नवरा ओट्यावर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला "बघतो, बघतो" म्हणत होता. घरातला गळका नळ त्यानं दिवाळीपासून बघितला नव्हता!

संध्याकाळी विशाखा मॅडमचा फोन आला. "सॉरी ताई. निवडणुकीतल्या लोकांकडून आम्ही माल घेत नाही."

सुलेखानं गोकुळला फोन लावला. "काढ ती साइट! आत्ता!"

"वहिनी, लगेच? शुभेच्छुक नाराज व्हतील ना!"

"मी नाराज झालेली बघितली नाहीस अजून!"

तेवढ्यात फाटकावर खणखणाट झाला. शेजारच्या लीलाबाई पुढं, मागं गल्लीतल्या बाया, प्रत्येकीच्या कमरेला रिकामा हंडा. "भाऊ, पाण्याचं काय झालं?"

भाऊ मागच्या दारानं पसार!

सुलेखाचा संताप आता कुठंतरी सांडायलाच हवा होता. तिनं सगळ्यांसमोर पाण्याच्या ऑफिसात फोन लावला. "कोण बोलतंय विचारता? लिहून घ्या! सुलेखा! काळा मसालावाली! बद्रीनाथची कुणी नाय, नुसती सुलेखा! पाणी सोडता, का मिरचीचं पोतं घेऊन तिथं येऊ?"

अर्ध्या तासात नळ खळखळले. लीलाबाई भरला हंडा कमरेवर घेत म्हणाल्या, "उभं राहायचं तर तूच राहा गं बाई!"

"मला फक्त मसाला विकायचाय!" सुलेखा ओरडली, आणि तिनं प्रेरणाला बोलावून घेतलं.

नव्या साइटवर वाघ नव्हता. मसाला होता, आणि वर ठसठशीत 'सुलेखा'. तिनं ती बिडकीनला पाठवली. कणीक मळताना विशाखा मॅडमचा फोन आला.

"ताई, साइट झकास. ऑर्डर तुम्हालाच." मग मॅडमचा आवाज खाली आला. "एक विचारू? मी तुमच्या मागच्याच गल्लीत राहते. तुमचं त्या दिवशीचं ऐकलं. आमच्या बिल्डिंगच्या पाण्याचं तेवढं..."

सुलेखानं तोंड उघडलं. जिभेवर आलेलं सगळं गिळलं.

"बघते, मॅडम!" ती म्हणाली.

दारातून बद्रीनाथ गालात हसत होता. तो कशाला हसतोय ते तिला आधी कळेना. मग तिनं खाली पाहिलं. फोन मान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, आणि कणकेनं बरबटलेले तिचे दोन्ही हात, तिच्याही नकळत, छातीशी जोडलेले!