देवदारी साहेबांची नेमणूक

माणसाची पारख कामावरून करणं हा फार वेळखाऊ प्रकार आहे. काम बघावं लागतं, समजून घ्यावं लागतं, आणि चुकून समजलंच तर आपल्यालाही करावं लागतं. म्हणून आमच्या परवाना कार्यालयाने विभागप्रमुखाची निवड वासावरून करायचं ठरवलं. मला तरी हे पाऊल स्तुत्य वाटलं. (मी निवड समितीचा सचिव होतो.)

त्याचं असं झालं. जुने साहेब देवदाराचं सेंट लावायचे. बाटलीवर छापलेलं होतं : 'निर्भीड, खंबीर, लाकडी. निर्णय घेणाऱ्यांसाठी.' साहेबांनी अकरा वर्षांत एकही निर्णय घेतला नाही, पण ते नुसते बाजूने गेले तरी निर्णय झाल्यासारखं वाटायचं. ते निवृत्त झाल्यावर ठराव झाला, 'रिक्त पद त्याच गुणवत्तेच्या उमेदवाराने भरावे.' पक्षपात नको म्हणून समितीच्या तिघांनी डोळ्यांना पट्ट्या बांधायच्या आणि आवाज ओळखू येऊ नये म्हणून उमेदवाराने तीन मिनिटं गप्प उभं राहायचं. गुण शंभर : निर्भीडपणा चाळीस, खंबीरपणा चाळीस, लाकूड वीस.

खरा हक्क नियमकाकांचा. हे आमचे हेडक्लार्क. सगळे नियम तोंडपाठ. एकोणतीस वर्षं आलेल्या प्रत्येक साहेबाच्या फायली यांनीच निस्तरल्या. निवृत्तीला सात महिने उरलेले. एकदा तरी दारावर आपल्या नावाची पाटी बघावी, एवढीच बिचाऱ्याची इच्छा. काकूंनी हौसेने ती बाटली आणली, शर्टाला कडक इस्त्री केली आणि बजावलं, "अहो, हात आखडू नका, चांगलं मानेला, मनगटाला फवारा. आणि तिथे नियम सांगत बसू नका!"

काकांनी फवारलं आणि शिंकले. तीन मिनिटांत सत्तावीस शिंका. (नोंद मीच घेतली.) स्वतःच्याच व्यक्तिमत्त्वाची ॲलर्जी असलेला उमेदवार समितीने प्रथमच अनुभवला. निर्भीडपणा चार, खंबीरपणा शून्य. लाकडाचे तेवढे पुरे दिले, माणुसकी म्हणून.

काका नाक पुसत बाहेर पडतात न पडतात तोच दारातून असा काही वास आला की समितीचे तिन्ही कणे ताठ झाले. आलेला माणूस काही विचारणार, इतक्यात अध्यक्ष ओरडले, "बोलायचं नाही!" तो मुकाट उभा राहिला. ना शिंक, ना खोकला. अठ्ठ्याण्णव गुण! निकालावर सह्या झाल्या, मग पट्ट्या सोडल्या. समोर सुतार, डोक्यात देवदाराचा भुसा. (माझ्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. पण सचिवाला मत नसतं.)

"साहेब, मी कपाटाचं दार बसवायला आलोय," तो म्हणाला.

"बघा, किती तो विनय!" अध्यक्ष म्हणाले.

चूक झाली असं लिहायला आमच्याकडे छापील नमुना नाही. त्यामुळे चूक झाली नाही.

सुतार भला माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही सांगाल तिथे सही करतो." काका सांगायला बसले आणि शिंकले. साहेबांसमोर शिंकणं हा शिस्तभंग, म्हणून त्यांची रवानगी तळघरात झाली. सुताराने दोनदा राजीनामा दिला. तो निर्भीडपणाचा पुरावा म्हणून फायलीला लावला. हेडक्लार्कचे शेरे वाचणं खंबीर साहेबाला शोभत नाही, अशी तंबीही मिळाली. तेव्हापासून तो कुठलाही अर्ज हातात घेतो, बिचारा घामाघूम होतो आणि म्हणतो, "मापात बसत नाही."

नामंजुरी अकरा टक्क्यांवरून चौऱ्याण्णव टक्क्यांवर गेली. तक्रारी तीनशेवरून शून्यावर. काका कारण सांगायचे, म्हणून लोक भांडायचे. आता कारणच नसतं, भांडणार कशाशी?

मला काकांचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. तळघरात बसून ते अजून प्रत्येक अर्ज जिवापाड तपासतात. गेल्या महिन्यात तुमचाही आला होता. कागद न् कागद बरोबर. काकांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'नियमात बसतो. मंजूर करावा.' साहेबांनी परत दिला. तुम्ही नुसतं 'का?' विचारलं असतंत, तर मी तो शेरा तुमच्यासमोर धरला असता आणि काकांना वर बोलवावंच लागलं असतं. पण तुम्ही दारात थांबलात, खोल श्वास घेतलात आणि माझ्या कानाशी येऊन विचारलंत, "साहेब सेंट कुठलं लावतात हो?"